कँडिसचा अर्धा वाटा

लेक्सिंग्टन, केंटकी
१४ मार्च १८५७

प्रिय टॅबी,

पुढे वाचण्याआधी तोंड गोड कर. तुमच्या ओहायोत उसाची साखर गुलामांनी केलेली म्हणून पापाची मानतात, तेव्हा मेपलच्या झाडाची घाल. पण गोड कर, कारण बातमी तशीच आहे. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या स्कॉट नावाच्या गुलामाचा एकदाचा निकाल लावला. ‘मालकानं मला मोकळ्या मुलखात नेऊन ठेवलं होतं, म्हणून मी मोकळा’ असं तुणतुणं तो अकरा वर्षं वाजवत होता. नऊपैकी सात न्यायमूर्तींनी त्याला सांगितलं, की तू मोकळा तर नाहीसच, पण तू या देशाचा नागरिकही नाहीस, तेव्हा इथे उभं राहून बोलतोस कसा? गोऱ्या माणसानं मानावा असा एकही हक्क काळ्या माणसाला नाही, असं छापून आलंय. मी कात्रण पाठवते आहे. फ्रेम करून दिवाणखान्यात लाव.

कर्नलनी परवा सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. दोन वर्षं जपून ठेवलेला हॅम कापला. (आमचे हे कर्नल कुठल्या लढाईत होते, हे तू दर वेळी विचारतेस. या वेळी नको विचारूस.) पुदिन्याची व्हिस्की हातात घेऊन ते म्हणाले, "संपलं भांडण. आता हा देश शांत झोपेल."

दुसरी बातमी. माझ्या लेकीचं, युडोराचं लग्न ठरलं. मुलगा दूर दक्षिणेतल्या नॅचेझचा, कापसाची मोठी शेती आहे. लग्न ऑक्टोबरात. तेव्हा आता लग्नाची गोधडी. घराण्यातल्या प्रत्येक बाईनं आपापला चौकोन शिवून खाली शाईनं सही करायची, हे तुला सांगायला नकोच. माझा चौकोन तयार आहे. शिवला कँडिसनं, पण सही मी केली आहे आणि शेवटी महत्त्व सहीलाच. गोधडी ताणायची आईची अक्रोडाची चौकट तुझ्याकडे आहे, ती इकडे पाठवायचं बघ.

आमच्याकडून युडोराला चांदीची भांडी आणि लेथी देतो आहोत. कँडिसची मुलगी लेथी, आता चौदाची झाली. हात आईसारखाच चालतो. कँडिस मात्र आठवडाभर टिपं गाळतेय, दोरा भिजतो आणि गाठी पडतात. मी तिला समजावलं, की बाई, चांगलं घर मिळतंय मुलीला. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गिडियन कर्नलनी नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेत विकला, तेव्हा ती चारच दिवस रडली होती. याही वेळी तेवढेच लागतील.

तुझी
पर्मीलिया

सँडस्की, ओहायो
२९ मार्च १८५७

ताई,

युडोराला माझे मनापासून आशीर्वाद. कात्रण पोचलं. फ्रेम केलं नाही, कारण आमच्याकडे त्याच्या वीस प्रती आधीच आहेत. गावात एक घर नाही जिथे तो निकाल वाचून झाला नाही. तुमच्या त्या सात न्यायमूर्तींना माझे आभार कळव. का, ते सांगते.

माझ्या नवऱ्याला तू ओळखतेस. गेली दहा वर्षं गुलामगिरीवरच्या प्रत्येक प्रवचनाला एझ्रा पुढच्या बाकावर बसून घोरलेला आहे. केंटकीची गिऱ्हाइकं दुखावतील म्हणून त्यानं कधी ‘गुलाम’ हा शब्द मोठ्यानं उच्चारला नाही. पलीकडच्या घरातले, चर्चचे डीकन ऑर्कट पळून आलेल्यांना मदत करतात म्हणून त्यांच्याशी तीन वर्षं बोलणं बंद, आणि मधल्या कुंपणाचा रंगही यानं निम्माच दिलेला. त्या सकाळी एझ्रानं निकाल नाश्त्याला बसून वाचला. मग पुन्हा वाचला. अंडी गार झाली. "म्हणजे उद्या कुणीही आपली माणसं घेऊन माझ्या दारात येऊन राहील, आणि ओहायोचा कायदा काय, तर काही नाही?" एवढं बोलून त्यानं डोक्यावर टोपी घातली आणि थेट ऑर्कटांच्या दारात जाऊन उभा राहिला. आमच्या पाद्रीबोवांना दहा वर्षांत जमलं नाही ते तुमच्या न्यायमूर्तींनी एका सकाळी केलं. देश शांत झोपेल म्हणतात ना कर्नल? आमच्याकडे घोरणारेसुद्धा उठून बसलेत, त्यांना सांग.

आता गोधडीचं. आईची चौकट दहा फुटांची आहे, ती रेल्वेनं पाठवली तर काड्या होऊन पोचेल. त्यापेक्षा तू ये. जूनमध्ये इकडे सरोवराचा वारा छान असतो. गावातल्या बायका मिळून चार दिवसांत गोधडी टाचून देऊ.

येताना कँडिसला आणशील का? तिच्यासारखा बारीक टाका आमच्यात कुणाचा नाही. पण छे, मी काय बोलतेय! तू आजवर तीनदा आलीस आणि तिन्ही वेळा, ओहायोत गुलामगिरी नाही म्हणून, तिला नदीच्या तुमच्या काठावर कोव्हिंग्टनला ठेवून एकटीच नावेत बसलीस. चार दिवस स्वतःची वेणी स्वतः घातलीस, आणि कशी घातलीस ते आम्ही पाहिलं आहे. आता निकाल लागला, मालक नेईल तिथे माल मालकाचाच राहतो. का तो निकाल फक्त हॅमबरोबर खाण्यापुरताच आहे?

लेथीला आईपासून तोडू नकोस, ताई. हे मात्र मी चेष्टेनं लिहीत नाही.

तुझी
टॅबिथा

लेक्सिंग्टन
१२ एप्रिल १८५७

प्रिय टॅबी,

तुझ्या जिभेला अजून औषध सापडलेलं नाही, हे पाहून बरं वाटलं. मी येणार, आणि कँडिसला घेऊन येणार. माझी वेणी पाहून हसणाऱ्या त्या तुमच्या बायकांना या वेळी काही मिळणार नाही. सिनसिनाटीपासून सँडस्कीपर्यंत अख्खा ओहायो मी तिला माझ्या शेजारी बसवून ओलांडणार आहे. कुणी हटकलं तर पर्समध्ये निकाल आहे.

एझ्राच्या टोपीची गोष्ट मी कर्नलना वाचून दाखवली. ते म्हणाले, धान्याचा व्यापारी आहे, पीक आलं की शुद्धीवर येईल.

लेथी मात्र इथेच राहील. तिला ऑक्टोबरात जायचंच आहे, आणि कर्नल म्हणतात, वासरू गोठ्यात बांधलेलं असलं की गाय रानातून आपोआप घरी येते. अशा बाबतीत त्यांचं डोकं फार चालतं. कँडिसला मी हे सांगितलंसुद्धा, म्हणजे तिच्या मनात काही यायला नको. ती म्हणाली, "होय बाईसाहेब." गुणी आहे बिचारी.

तोडू नकोस वगैरे तू लिहिलंस. वीस वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा कँडिसही चौदाचीच होती आणि तिची आई लुईव्हिलच्या काकांच्या वाट्याला गेली होती. कँडिसला काही झालं का? उलट टाका किती सुधारला.

नऊ जूनला पोचेन. जेवणात सरोवराचा मासा असू दे, स्ट्रॉबेरीचा केक असू दे, आणि उपदेश असू नये.

तुझी
पर्मीलिया

सँडस्की
२८ एप्रिल १८५७

ताई,

स्ट्रॉबेरीचा केक नक्की. उपदेश बंद, शपथ. एक छोटी अडचण मात्र झाली आहे, ती सांगते आणि गप्प बसते.

तुझं पत्र मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं. (रागावू नकोस, आमच्याकडे करमणूक कमी असते.) गायवासराच्या भागाशी आल्यावर ऑर्कटबाईंनी सुई खाली ठेवली. त्या मला म्हणाल्या, "म्हणजे हॅस्केलबाई, तुमच्या कर्नलना सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दापेक्षा ओलीस ठेवलेली चौदा वर्षांची पोर जास्त भरवशाची वाटते?" मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, कर्नलना न्यायालयावर पूर्ण भरवसा आहे, फक्त लेक्सिंग्टनमध्ये बसून. त्यावर जे हसू उठलं ते मला आवडलं नाही. आमच्या घराण्याचं नाव आहे.

त्या सगळ्यांचं म्हणणं असं, की केंटकीवाल्यांचा निकालावर मनातून विश्वासच नाही. नुसत्या गप्पा. त्यातून आमच्या विधानसभेनं आता कायदा केलाय, की मालकानं स्वतःहून ओहायोत आणलेला गुलाम इथे मोकळा. म्हणजे इकडे एक कायदा, तिकडे एक निकाल, आणि मधे तू. तुला भीती वाटत असेल तर खरंच घरी बस, ताई. एकटीच ये किंवा येऊच नकोस. युडोराला सांगू, की मावशीनं गोधडी केली आणि आईला नदी ओलांडवली नाही.

आणि आणणारच असलीस तर दोघींना आण, सगळ्यांच्या तोंडावर मारल्यासारखं होईल. लेथी युडोराच्या घरी जाणार, तर लग्नाची गोधडी टाचायला तिचाही हात लागू दे. मी दोघींसाठी बूट करून घेणार आहे, चांगले जाड तळाचे. पावलांची मापं पाठव. रात्री थंड वारा सुटतो, लोकरीचं काही आहे का त्यांच्याकडे? लेथीला पाण्याची भीती वाटते का? सहज विचारलं, घरासमोरच सरोवर आहे.

तुझी
टॅबिथा

लेक्सिंग्टन
१६ मे १८५७

टॅबी,

तुझ्या त्या ऑर्कटबाईला सांग, की पर्मीलिया क्वार्ल्सला नदी ओलांडवते आणि तीही दोघींना घेऊन. कर्नल नको म्हणाले. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी मी विचारलं, "निकाल खरा आहे की नाही तेवढं सांगा." ते म्हणाले, खरा आहे. "मग हॅम कशाला कापला होता, लेथीला घरी ठेवायचं होतं तर?" त्यावर ते घोडा बघायला निघून गेले.

दोघींच्या पावलांच्या मापाचे दोरे सोबत पाठवते. एका गाठीचा कँडिसचा, दोन गाठींचा लेथीचा. नोकरमाणसांसाठी जाड तळाचे बूट करवून घेणं ही तुझी जुनी खोड, आईलाही ती आवडायची नाही. लोकरीच्या शाली आहेत. पाण्याची भीती लेथीला नाही, कँडिसला आहे. पण तिला कोण विचारतंय!

कँडिसला मी सांगितलं, की लेथीलाही नेणार. तिनं हातातला मापाचा दोरा नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "तुमचे उपकार आहेत, बाईसाहेब." पाहिलंस? समजून वागवलं की माणसं अशी राहतात. तुम्ही लोक पुस्तकं वाचून आम्हाला शिकवता.

त्या दोघींना मी तुझ्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसवणार आहे. बघूच कोण काय करतं.

पर्मीलिया

लेक्सिंग्टन
३० जून १८५७

टॅबिथा,

हे पत्र मी बहीण म्हणून लिहीत नाही. बहीण मला होती, ती सँडस्कीला वारली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तू म्हणालीस, पांढरा दोरा संपला. मी कँडिसला दोरा आणायला पाठवलं. लेथी तिच्यामागून गेली. मी हसत म्हटलं, जा, पण लवकर या. मी स्वतः म्हटलं! चौकटीभोवती तुम्ही अकरा जणी होतात आणि एकीनंही मान वर केली नाही. मग तू उठलीस आणि पियानोपाशी जाऊन बसलीस. काय तो दणका! लग्नाचे नाच, एकामागून एक. मी म्हटलं, पुरे आता, डोकं दुखतंय. तू म्हणालीस, युडोरासाठी वाजवतेय. बाहेर अंगणात गाडी आली का, गेली का, कुणाला कळणार? पाच वाजता ऑर्कटबाईनं मला तिसरा चहा दिला आणि तोंड वर करून विचारलं, "तुमच्याकडची माणसं दिसत नाहीत, क्वार्ल्सबाई?"

मी तुमच्या न्यायाधीशाकडे गेले. पळपुट्या गुलामांचा कायदा दाखवला, निकाल दाखवला. तो म्हातारा चष्मा पुसत बसला.

"बाई, ती केंटकीतून पळून आली का?"

"नाही. मी आणली."

"तिकीट कुणी काढलं?"

"मी. तिघींचं."

"मग पळपुटी कशी म्हणू? कायदा केंटकीतून पळालेल्यांना धरायचा आहे, तुम्ही फिरायला आणलेल्यांना नाही."

बाहेर पायरीवर एझ्रा उभा होता. त्यानं मला टोपी काढून नमस्कार केला. टोपी काढून!

आता माझं ऐक. तू आज गावात मोठी धर्मात्मा झाली असशील. त्या बायकांना एक गोष्ट सांगितलीस का? बाबांच्या मृत्युपत्रात कँडिस आपल्या दोघींच्या नावावर होती. अर्धी माझी, अर्धी तुझी. तुझं एझ्राशी ठरलं होतं, ओहायोला कँडिस नेता येत नव्हती आणि पियानो नेता येत होता. तू तुझा अर्धा वाटा मला दिलास आणि माझ्या वाट्याचा पियानो घेतलास. तुझ्या सहीचा कागद माझ्यापुढे आहे. ज्या पियानोवर तू त्या दिवशी धर्म वाजवत होतीस, तो कँडिसला देऊन घेतलेला आहे.

कँडिस गेली. तेव्हा पियानो परत पाठव. आणि युडोराची गोधडी. लग्नाला येऊ नकोस.

पर्मीलिया क्वार्ल्स

सँडस्की
१५ जुलै १८५७

ताई,

मी वारले हे वाचून वाईट वाटलं. पण पत्राला उत्तर देण्याइतकी धुगधुगी आहे.

तू म्हणतेस कँडिस पळाली. न्यायालयाचा निकाल नीट वाच, तूच पाठवला होतास. ती माणूस नाही, माल आहे. माल पळत नाही, हरवतो. प्रवासात सामान मोजत जा, हे आई तुला लहानपणापासून सांगायची. कोण घेऊन गेलं, कुठल्या गाडीतून, कुठल्या होडीतून, हे मला ठाऊक नाही. मी पियानो वाजवत होते, त्याची साक्षीदार तू आहेस.

गोधडी सोबतच्या पेटीत आहे. अकरा जणींनी पुरी केली, टाके मोजून घे. मधे एक चौकोनी भोक दिसेल. तुझा चौकोन तिथे होता. आदल्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना कँडिसनं तो उसवून घेतला आणि त्या जागेवर दोऱ्यांची टोपली ठेवली. शिवण तिची होती, ती तिनं नेली. तुझी सही तेवढी कापून टाचणीनं लावून ठेवली आहे. शेवटी महत्त्व सहीलाच, असं तूच म्हणाली होतीस.

आता पियानोचं. इथे माझी जीभ टाळ्याला चिकटते, ताई, आणि असं फार वेळा होत नाही हे तू जाणतेस.

तुझं पत्र मी बायकांना वाचून दाखवलं. यावेळी करमणूक म्हणून नाही. शेवटचा भागही वाचला, अर्ध्या वाट्याचा. कुणी हसलं नाही. एझ्राला मी वीस वर्षांत हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, पियानो बाबांनी हौसेनं दिला. रोज संध्याकाळी तो त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचा. परवापासून खुर्ची खिडकीशी आहे.

मी विसरले होते असं म्हणणार नाही. मी विसरण्याची सवय केली होती. तू उघड उघड माणसं बाळगत होतीस, मी त्यांचे सूर वाजवत होते, आणि वर मेपलची साखर खात होते. तुला वाटत असेल की तुझी चूक झाली ती दोघींना आणण्याची. चुका मोजायला बसलो तर माझी वीस वर्षं जुनी निघेल.

आणि आता जे कुणालाच ठाऊक नाही ते सांगते. तुम्ही आलात त्या पहिल्या संध्याकाळी मी कँडिसला स्वयंपाकघरात गाठलं. मनात भाषण तयार होतं. मी तिला सोडवणार वगैरे. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, म्हणजे अगदी झकास जमलं होतं. तिनं मला दोन वाक्यांत थांबवलं. म्हणाली, "टॅबीबाई, मला कुणी पळवू नका. बुटांची मापं मागितलीत तेव्हाच मला कळलं, आणि तेव्हाच मी ठरवलं. मी लेथीला घेऊन चाललेय." मी विचारलं, मग मी काय करू? ती बशी पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही पियानो वाजवा. जोरात वाजवा. वीस वर्षांत एकदा तरी माझ्या कामी येऊ दे तो."

तिला ठाऊक होतं. चौदा वर्षांची होती, दाराआड उभी राहून आपली वाटणी ऐकत होती. कशाच्या बदल्यात आपण गेलो, हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं आणि मी माहेरी आले की दर वेळी ती ‘कशा आहात टॅबीबाई’ म्हणायची. मला आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तेव्हा तू म्हणतेस तसा सौदा मोडला, मला मान्य. पियानो तुला मात्र पाठवत नाही. तो कँडिसच्या बदल्यात आला होता, तिच्याकडेच जाईल. परवाच्या जहाजानं सरोवरापलीकडे, कॅनडाला रवाना केला आहे. भिंतीला लावलेल्या कागदाचा रंग त्याच्यामागे कोराच राहिलाय, तिथे काही टांगायचं नाही असं एझ्रा म्हणतो. तुझं ते कात्रण टांगावं का, असं माझ्या मनात आलं होतं.

हे पत्र तू न फोडता परत पाठवशील. तरी लिहिलं.

टॅबिथा

चॅटम, कॅनडा
४ ऑक्टोबर १८५७

टॅबीबाई,

हे पत्र इथल्या शाळेच्या बाई लिहिताहेत. मी सांगतेय तसंच लिहा असं त्यांना बजावलंय, कारण त्यांना गोड लिहायची सवय आहे.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. बूट छान बसले, लेथीचे जरा घट्ट झाले, ती अजून वाढतेय. ती शाळेत जाते. पाण्यावर मी डोळे मिटून बसले होते, लेथीनं हात धरला होता. इथे आल्यावर नाव विचारलं. मी म्हटलं, कँडिस. पुढे काय, म्हणाले. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. तो कधी शोधत निघालाच तर या नावानं त्याला सापडेन. तुमच्या ताईंकडून तो तिकडे दक्षिणेत कुणाला विकला, एवढं विचारून कळवता आलं तर कळवा. बाकी त्यांना माझं काही सांगणं नाही.

ताईंचा चौकोन माझ्याजवळ आहे. लेथीनं मला सही शिकवली, ती मी त्याखाली केली आहे. थोडी वाकडी आली.

पियानो पोचला. तो पाहायला अर्धा रस्ता जमला होता. खाली उतरवायला सहा माणसं लागली आणि आमच्या खोलीच्या दारातून तो आत जाईना. तुम्ही पत्रात लिहिलंत, की तो माझा आहे, मी वाटेल ते करावं. ते वाक्य बाईंकडून मी तीनदा वाचून घेतलं. मग मी तो विकला. चर्चच्या लोकांनी घेतला. त्यातून एक लोखंडी चूल आली, शिवणाचं एक यंत्र आलं, आणि हिवाळ्याची लाकडं आली. दारावर मी कपडे शिवून मिळतील अशी पाटी लावली आहे, गिऱ्हाइकं येताहेत.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विकतानाचं सांगते. त्यांनी, बाजारात आमचे दात पाहायचे तशी, त्याची एकेक पट्टी दाबून पाहिली, पाय तपासले, पाठीवर थापट्या मारल्या. मी बाजूला उभी होते. त्याला कुठे जायचंय हे कुणी विचारलं नाही, आणि तोही काही बोलला नाही. गाडीत घातला, गेला. मागे वळून पाहिलं नाही, कुणासाठी रडला नाही. माल असा असतो, टॅबीबाई. त्या सात न्यायमूर्तींपैकी कुणाला अजून शंका असेल तर पाठवा माझ्याकडे. मी फरक दाखवते.

खालची सही माझी आहे.

कँडिस गिडियन